पाहुण्यांसाठी सोडलेलं पाणी

गजभिये साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उलटे चालत होते. कालव्याच्या काठावरची अरुंद वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बाभळीचे काटे, आणि हा माणूस पाहुण्यांकडे तोंड करून, पाठ रस्त्याकडे ठेवून, मिटलेली काळी छत्री वर धरून बोलत बोलत मागे सरकतोय. बसभर अभियंते त्याच्या पुढ्यात चालतायत. मी तेव्हा भंडाऱ्याच्या पाटबंधारे कार्यालयात आरेखक म्हणून नुकताच लागलो होतो. मला वाटलं, गेला हा आता पाण्यात. पण ते पडले नाहीत. पुढे इतकी वर्षं त्यांच्यासोबत हिंडलो, एकदाही पडताना पाहिलं नाही. पाहुण्याला पाठ दाखवायची नाही, असा त्यांचा नियम होता, आणि पायाखालची वाट त्यांना डोळ्यांशिवाय ठाऊक होती.

नागपूरला दरवर्षी पाण्याच्या अभियंत्यांची परिषद भरायची. दोन दिवस भाषणं, आणि तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना बसमध्ये घालून आमच्या जिल्ह्यात आणायचे. कागदावर त्याला तांत्रिक स्थळभेट म्हणत. आम्ही नुसतं दौरा म्हणायचो. इतर कार्यालयांत हा दौरा म्हणजे डोक्याला ताप. कोणाच्या तरी गळ्यात मारायचा आणि मोकळं व्हायचं. आमच्याकडे गजभिये साहेब तो स्वतःहून मागून घेत. उपविभागाचे अभियंता होते ते, हाताखाली माणसं होती, पण पाहुण्यांच्या नाश्त्याच्या पोह्यांत शेंगदाणे किती हेसुद्धा स्वतः बघायचे. मला पाहुणे मुळीच आवडत नाहीत. घरी कोणी आलं तरी मी मागच्या दाराने सटकतो. तेव्हा साहेबांचा हा उत्साह पाहून माझा जीव कासावीस व्हायचा.

पुढे गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या दौऱ्याचं वाटोळं झालं. फायली वाटल्या गेल्या, कपाटं वाटली गेली, निम्मी माणसं तिकडे गेली, आणि ज्या मोठ्या तलावांवर आम्ही पाहुण्यांना तोंडात बोट घालायला लावायचो ते सगळे नकाशात पलीकडे गेले. साहेबांनी मला बोलावलं आणि दौऱ्याचा नकाशा नव्याने काढायला सांगितला. मी म्हटलं, साहेब, जिल्हा तुटला तरी रस्ता थोडाच तुटला, बस तिकडे जाईलच की. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली.

"हटवार, दुसऱ्याच्या घरचं ताट आपल्या पाहुण्यासमोर मांडता काय?" म्हणाले. "आपल्याकडं जे उरलं ते दाखवू. नाई आवडलं तर नाई आवडलं."

मग उरलेल्यातून त्यांनी दौरा उभा केला. सकाळी वरठीच्या पुढे चहा, मग आमचा कालवा, त्याचं मुख, त्याचे दरवाजे, अड्याळच्या बाजूने उतरत उतरत शेवटी पवनी. पवनीला जुन्या स्तूपाचे अवशेष दाखवायचे आणि वैनगंगेच्या घाटावर बसवून जेवण द्यायचं. साहेबांचं घराणं छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. स्तूपाजवळ आले की साहेब चप्पल काढून क्षणभर गप्प उभे राहत, आणि मग पाहुण्यांना सांगत की आमच्या भागात विटा भाजायची विद्या फार जुनी आहे, तेव्हा आमच्या कालव्याच्या अस्तरीकरणाला नावं ठेवू नका. पाहुणे हसायचे.

दौऱ्याच्या आठवडाभर आधी रंगीत तालीम असायची. जीपमध्ये ड्रायव्हर, साहेब आणि मी. मी पाहुणा. प्रत्येक ठिकाणी उतरून मी प्रश्न विचारायचे आणि साहेबांनी उलटं चालत उत्तरं द्यायची. प्रश्न सुचला नाही तर रागवायचे. "विचारा नं काही. परदेशातून आले असं समजा," म्हणायचे. मी भंडाऱ्याच्या मेंढा वस्तीतला माणूस, परदेशातून आलो असं कसं समजू? उन्हात डोकं तापायचं, पोटात कावळे ओरडायचे, आणि हा माणूस छत्री मिटून हातात धरून मला विसर्गाचं गणित समजावतोय. चिडायचो मी. पण आता आठवलं की हसूही येतं.

त्यांची एक खोड मात्र मला पहिल्यापासून आवडायची. दौऱ्यात प्रत्येक ठिकाणी ते तिथल्या माणसाला पुढे आणत. दरवाज्यावरचा चौकीदार, विश्रामगृहाचा खानसामा, कालव्यावरचा मजूर. त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना त्याचं नाव सांगायचे, हा काय करतो ते सांगायचे, आणि मग छत्री काखेत धरून स्वतः टाळ्या वाजवायला लागायचे. पाहुणे मागोमाग वाजवत. आमची माणसं लाजून चूर. एका खानसाम्याने तर टाळ्या सुरू होताच स्वयंपाकघरात पळ काढला आणि गोंधळात वरणात दुसऱ्यांदा मीठ टाकलं. ते वरण पाहुण्यांनी कसं खाल्लं कोण जाणे. साहेबांना विचारलं, हे कशाला करता? तर म्हणाले, माझी माय ह्या नहरीवर माती वाहायला होती, तिच्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही. एवढंच. 

कालव्याला आमच्याकडे नहर म्हणतात. ही नहर जिथे संपते तिथे साहेबांचं गाव. अड्याळच्या पुढे, आतल्या बाजूला. गावाचं नाव मी सांगत नाही. नहरीच्या शेवटाला सगळे टेल म्हणतात, शेतकरीसुद्धा. टेलला पाणी पोचणं ही आमच्या खात्यातली सगळ्यात दुखरी गोष्ट. वरचे लोक पाणी उचलतात, मध्येच गळतं, आणि शेवटच्या गावाला ओल येते ती नावापुरती. ज्या नहरीसाठी साहेबांच्या आईने डोक्यावर माती वाहिली, तिचं भरलेलं पाणी त्या गावाने फार थोड्या वेळा पाहिलं.

एका वर्षीच्या तालमीत मी असाच वैतागलेलो होतो. साहेब म्हणाले, विचारा प्रश्न. मी विचारलं, "टेलला पाणी पोचतं काय?" मुद्दाम काही नाही, तोंडाला आलं ते विचारलं. साहेब चालता चालता थांबले.   जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, यंदा पाहुण्यांना टेललाच न्यायचं. आपल्या गावाला. भरलेली नहर दाखवायची.

आता दौऱ्यासाठी पाणी सोडणं ही आमच्याकडे जुनी रीत. पाहुणे येणार म्हणजे नहर कोरडी कशी दिसेल? आदल्या दिवशी थोडं पाणी सोडायचं, मुखाजवळ वाहताना दाखवायचं, बस गेली की बंद. सगळेच असं करतात. त्यात कोणाला काही वाईट वाटत नसे, मलाही नाही. पण इतर वर्षी परिषद उन्हाळ्याच्या तोंडाशी असायची, तेव्हा शिवारात काही नसायचं. त्या वर्षी ती दिवाळीनंतर लगेच आली. आणि पाणी थेट शेवटापर्यंत न्यायचं म्हणजे दरवाजे बरेच आधी आणि बरेच जास्त उघडायला हवेत.

दिवाळीनंतर आमच्या भागात काय असतं? धान कापलेला असतो. कापलेला धान लगेच उचलत नाहीत, बांधीतच, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यातच, आडवा पसरून वाळू देतात. त्याला कडपा म्हणतात. कडपा वाळला की भारे बांधायचे. ते दिवस म्हणजे घराघरात जीव मुठीत धरून बसायचे दिवस. आभाळात ढग दिसला तरी बाया उठून अंगणात येतात. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला माहीत असतं. साहेब धानाच्या घरात जन्मलेले, त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. पण त्या आठवड्यात त्यांच्या डोक्यात फक्त पाहुणे होते, छत्री होती आणि भरून वाहणारी नहर होती.

पाणी सोडायचं तर आधी गावांत दवंडी देतात. नहरीवरच्या मुकादमाने माझ्यासमोरच साहेबांना विचारलं, दवंडी द्यायची काय जी? साहेब पोह्यांचा हिशेब करत होते. म्हणाले, हे काही सिंचनाचं पाणी नाही, नहरीतून येईल आणि नहरीतून जाईल, लोकांना कशाला उगाच हलवता. मुकादम गेला. पाणी बंद होऊन बरेच दिवस झाले होते, म्हणून शेतकऱ्यांनी शेतात पाणी घ्यायचे नळ, ज्याला मोगा म्हणतात, ते उघडेच टाकले होते. ते कोणी बघितलं नाही.

दौऱ्याच्या दिवशी साहेब नवा शर्ट घालून आले होते. बसमध्ये भोंग्यावर त्यांनी पाहुण्यांना आपल्या आईची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. माती वाहणाऱ्या बायांची. पाहुणे गंभीर होऊन ऐकत होते. गावाजवळ बस थांबली, आणि खरंच नहर भरून वाहत होती. स्वच्छ, काठोकाठ. मी इतकी वर्षं त्या कार्यालयात, पण टेलला असं पाणी मीही पाहिलं नव्हतं. साहेबांचे डोळे भरून आले. ते काठावर चढले, पाहुण्यांकडे वळले, छत्री वर केली आणि उलटे चालू लागले.

त्यांची पाठ शेतांकडे होती म्हणून त्यांना दिसलं नाही. आम्हाला दिसलं. नहरीच्या खालच्या अंगाच्या बांध्यांत पाणी उभं होतं आणि त्यात कापलेला धान तरंगत होता. एका बांधीत एक म्हातारी गुडघाभर चिखलात उभी राहून हातांनी धान गोळा करून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकत होती. बस पाहून ती लगबगीने वर आली. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, हातात ओल्या धानाची जुडी, तिच्यातून पाणी गळतंय. साहेब अजून विसर्गाचं सांगतच होते. ती त्यांच्या मागे येऊन उभी राहिली, आणि त्यांनी वळून पाहिलं.

सेवंताबाई होती ती. साहेबांच्याच टोलीतली, म्हणजे वस्तीतली, गावनात्याने त्यांची मोठीमाय, थोरली काकू. त्यांच्या आईसोबत त्याच नहरीवर माती वाहिलेली. नवरा मागेच गेलेला, लेक सासरी. ती एक बांधी, आणि त्या बांधीत पिकेल ते वर्षभर खायचं, एवढाच तिचा संसार. हे मला नंतर कळलं. तिला मात्र साहेब लगेच ओळखू आले.

"नामदेवा," ती म्हणाली, "पानी कोनं सोडलं गा? माहा सारा कडपा बुडला नं. बंद करायले सांग बापा."

आवाज चढवला नाही तिने. भांडायला आलीच नव्हती. घरचा माणूस दिसला म्हणून सांगत होती. पाहुण्यांत एक दक्षिणेकडचे वृद्ध प्राध्यापक होते, गळ्यात कॅमेरा. त्यांनी मोठ्या आपुलकीने इंग्रजीत विचारलं की ही बाई काय म्हणते आहे.

साहेबांनी वर धरलेली छत्री खाली घेतली.  मग ते इंग्रजीत म्हणाले, ही आमच्या गावची शेतकरी बाई. आमच्या आईसोबत हिने ही नहर खणली. आज शेवटपर्यंत पाणी आलं म्हणून फार आनंदात आहे, तुमचे आभार मानायला आली आहे.

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी सुरू करायची वाटसुद्धा पाहिली नाही. इतकी वर्षं त्यांनीच तर सवय लावली होती. मनापासून वाजवल्या, वाईट माणसं नव्हती ती. कोणी तिच्या हातातल्या जुडीकडे बोट दाखवून पीक छान आहे म्हणालं. प्राध्यापकांनी फोटो काढला. सेवंताबाई गोंधळली. एकदा साहेबांकडे, एकदा त्या लोकांकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, जुडी काखेत धरली आणि सगळ्यांना हात जोडले.

मला भाषा दोन्हीकडची कळत होती आणि मी पाण्याच्या बाटल्या वाटत उभा होतो. ह्याहून माझ्याविषयी जास्त सांगण्यासारखं नाही. साहेब पुढे चालू लागले तेव्हा पहिल्यांदाच पाहुण्यांकडे पाठ करून चालले. पवनीला स्तूपाजवळ सगळे उतरले, ते बसमध्येच बसून राहिले. डोकं दुखतं म्हणाले. त्या दिवशी स्तूपाचं मीच सांगितलं, आणि फार वाईट सांगितलं.

पाणी बंद करायचा निरोप त्यांनी तिथूनच धाडला होता. पण भिजलेला धान भिजलेलाच. दोन-चार दिवसांत त्याला कोंब फुटले. उरला तो काळा पडला, गिरणीत कणी झाला, आणि शिजवला तर वास येई. आणखी काही जणांच्या बांध्या बुडाल्या होत्या, पण त्यांच्याकडे दुसरी जमीन होती. साहेबांनी वरती नुकसानीचं बोलून पाहिलं. वरून उत्तर आलं की ते पाणी कशासाठी सोडलं होतं हे लिहावं लागेल, चालेल का? त्यावर साहेब खाली मान घालून परत आले. मला त्यांचा राग आला. मग माझाच मला आला, कारण त्यांच्या जागी मी काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

घरचा तांदूळ त्यांनी पोत्याने तिच्याकडे पोचवला, ते साहेबांच्या बायकोकडून, वहिनींकडून, मला कळलं. सेवंताबाईने घेतला. नामदेवाने कोंब फुटलेला धान पाहून पाठवला, असं ती समजली. तिचं समजणं किती सरळ होतं, तेच पुढे साहेबांना सोसवेना.

काही महिन्यांनी त्या प्राध्यापकांनी फोटो मोठा करून कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवला. त्या माउलीला द्यावा, अशी विनंती. साहेबांनी तो टेबलाच्या खणात ठेवला. रोज खण उघडायचे, पाहायचे, बंद करायचे. एके दिवशी म्हणाले, हटवार, चला. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी गेलो.  मला कळलं होतं, आज हा माणूस सगळं सांगून टाकायला निघाला आहे.

सेवंताबाईने खाटेवर गोधडी टाकली, चहा ठेवला. फोटो पाहिला आणि लाजली. मी अशी दिसते काय, म्हणाली. मग बराच वेळ फोटोवरून बोट फिरवत होती.

"एक सांग नामदेवा. मी आपली कडपा बुडला म्हनून आली होती. त्यायनं टाळ्या काहून वाजोल्या गा?"

साहेबांनी कप खाली ठेवला. तोंड उघडलं. पण तीच पुढे म्हणाली, "माती वाहली म्हनून नं? तुनं सांगतलं असंन त्यायले. तुह्या मायेचंबी सांगतलं असंन."

आणि साहेबांनी मान हलवली. हो म्हणाले.

"मंग तिलेबी पोचल्या त्या टाळ्या," ती म्हणाली, आणि फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खिळ्याला लावायला उठली. खिळा साहेबांनीच ठोकून दिला. परतताना अड्याळच्या बाजारापाशी त्यांनी स्कूटर थांबवली आणि रस्त्याच्या कडेला बसले. मी भजी आणली, त्यांनी खाल्ली नाहीत. म्हणाले, पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा पाहुणे होते, लाज राखायची होती. आज तर कोणीच नव्हतं.  मी भजी थंड होऊ दिली.

त्यानंतर त्यांनी दौरा सोडला. पाठीचं दुखणं सांगितलं. पाठ एकदम ठणठणीत होती. एक तरुण अभियंता आला, तो पाहुण्यांना बसमधून उतरवतच नसे, पडद्यावर चित्रं दाखवायचा. छत्री साहेबांच्या खोलीत कोपऱ्यात धूळ खात पडली. एक गोष्ट मात्र ते करत राहिले. दरवर्षी दिवाळीनंतर रजा टाकून गावाला जात आणि सेवंताबाईचा कडपा उलटायला, भारे बांधायला हात लावत. एवढा मोठा अधिकारी पँट दुमडून बांधीत उतरतो, म्हणून गावाला कौतुक. कौतुक करणाऱ्यांकडे ते पाहतही नसत. ते निवृत्त झाले तेव्हा कार्यालयात निरोपाचा कार्यक्रम झाला. भाषणं झाली, शाल दिली, आणि टाळ्या सुरू होताच साहेबांनी दोन्ही हात पुढे करून त्या थांबवल्या. इतक्या घाईने की सगळ्यांना तो विनय वाटला.

त्यांना शेवटचं मी पाहिलं ते त्यांच्या गावच्या शिवारात. माझ्या भाच्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्या बाजूला होतं. दिवाळी होऊन गेली होती. जेवून निघालो आणि वाटलं, साहेब इथेच असतील. होतेच. सेवंताबाईच्या बांधीत बसून ते भारे बांधत होते. ती आता फार वाकली होती, पण हात चालत होते. मला ओळखलं तिने. बांधावर बसवलं, गडव्यातून पाणी दिलं, आणि माझ्यासोबत आलेल्या माझ्या बहिणीला त्या टाळ्यांची गोष्ट सांगायला लागली. कुठून कुठून आलेले लोक, कसे उभे होते, नहरीवर माती वाहली म्हणून कशा टाळ्या वाजवल्या. बहीण म्हणाली, वा. सेवंताबाई म्हणाली, नामदेवाची माय असती तर तिनं पाहलं असतं.

साहेबांचे हात थांबले.

"मोठीमाय, तसं नव्हतं," ते म्हणाले.

तिला आधी ऐकूच आलं नसावं. साहेब उठून तिच्यासमोर येऊन उकिडवे बसले.

"त्या टाळ्या माती वाहली म्हनून नव्हत्या. तू मले म्हनली होती, कडपा बुडला, पानी बंद कर. मी त्यायले सांगतलं, तू खूश आहे. पानी आलं म्हनून खूश आहे, त्यायचे आभार मानायले आली. म्हनून वाजोल्या त्यायनं. अन् ते पानी मीच सोडलं होतं. त्या लोकायले दाखवाले."

सेवंताबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. माझी बहीण खाली पाहू लागली. सेवंताबाईच्या हातातला धानाचा आळा, भारा बांधायची ती दोरी, तशीच अर्धवट पिळलेली होती.

"मले वाटलं होतं..." म्हणाली आणि हातातल्या आळ्याकडे बघू लागली. मग हळूच, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "अन् मी त्यायले हात जोडले."

एवढंच. तिने आळा पिळला, गाठ मारली, भारा बांधून पुरा केला. भारा डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतोच. दरवर्षी साहेब द्यायचे. ते पुढे झाले, वाकले.

"रावू दे," ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "तुमी द्या जी हात लावून."

मी दिला.  ती धुऱ्यावरून गावाकडे निघाली, सरळ, भाऱ्याखाली मान ताठ ठेवून. साहेब काही क्षण तिथेच उभे होते. मग तिच्या मागे निघाले. काही अंतर ठेवून, दोन्ही हात रिकामे, मान खाली. माझ्या बहिणीने विचारलं, हे कोण रे, हे कोण तुझे? मी म्हटलं, आमचे साहेब. नहरीच्या काठावरून तिची पावलं पडत होती तिथेच तेही पाय ठेवत होते, आणि नहर कोरडी होती.